पाच सीटांची गाडी

ओरगडम, चेन्नईजवळ
८ सप्टेंबर

दादास सुगतचा जय भीम.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद लिहायलोय. ही अक्कल आईची. म्हणली, "कागद धाड. मी त्याच्या ताटाशेजारी ठेवते. हापिसातला माणूस हाय, समोर आलेला कागद वाचल्याबिगर त्याला घास गिळायचा न्हाई." म्हणून पाकिटावर नाव आईचं आहे आणि आत तू आहेस. अक्षराला हसू नको. आठवीनंतर पेन धरलं ते आत्ताच.

आई सांगायली की तू गाडी घ्यायलास. बाबांचा लकवा मारलेला पाय काळी-पिवळीत मुडपून कोंबावा लागतो आणि परभणीचा दवाखाना येईस्तोवर ते कण्हत राहतात, म्हणून. चांगलं करायलास. मी आईला विचारलं, "गाडीचं सुगतला विचारा असं दादा म्हणला का?" आई म्हणली, "त्यो न्हाई म्हणला. मीच म्हणायले."

असू दे. आईनं विचारलंय म्हणून आईला सांगतो, तू नुसता ऐक.

माझं काम गाड्यांतच आहे. हैदराबादचं हॉटेल सोडलं, त्याच्या आधी पुण्याचं सोडलं, तुला माहीत आहे माझा पाय एका ठिकाणी ठरत नाही. इथं ठरलाय सध्या. कंपनीतून नव्या गाड्या बाहेर येतात, त्या आमी यार्डात नेऊन रांगेत लावतो. ट्रेलर आला की त्यावर चढवतो. दिवसभर हेच. मी जितक्या कोऱ्या गाड्या चालवल्या तितक्या आपल्या जिंतूर तालुक्यात कुणी चालवल्या नसतील. आणि त्यातली एकही मी गेटाच्या बाहेर नेली नाही. शेजारच्या सीटवर प्लास्टिक असतं. ते चुरचुर वाजतं, तेवढाच आवाज.

आता ऐक. रंग शेवटी बघ. आधी बाबांना शोरूमला ने आणि समोरच्या सीटवर बसव, मग म्हण, आता तुमचे तुमी उतरा. बुटकी गाडी असली तर माणूस विहिरीतून निघाल्यासारखा निघतो. लय उंच असली तर बाबांचा पाय चढणार नाही. बाबांच्या कमरेइतकी सीट पाहिजे. हात धरू नको त्यांचा, त्यांना उतरू दे. ज्या गाडीतून ते आपले आपण उतरले ती गाडी आपली. दुसरं, त्या कंपनीचं वर्कशॉप परभणीत आहे का बघ. संभाजीनगरला न्यावं लागत असलं तर कितीही गोड बोलू देत, घेऊ नको. तिसरं, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचार. इथं उन्हात कित्येक महिने उभ्या राहिलेल्या गाड्या मी बघतो, धूळ पुसली की सगळ्या नव्याच दिसतात.

आणि माझं विचारशील तर सात सीटांची घे. वालूरहून मामा लोक आले की लागतात सीटं. गव्हाची पोती दळायला न्यायची तर मागची सीट मुडपता येते. माणसं वाढतात, घर वाढतं. दोन सीटं मोकळी राहिली तर राहू दे. त्यानं काही बिघडत नाही.

बाबांना जय भीम सांग. नाही सांगितलं तरी आई सांगंल.

सुगत


२१ सप्टेंबर

दादा,

आई म्हणली, कागद वाचला. रविवारी बाबांना घेऊन परभणीला गेला आणि तीन शोरूम फिरला. बाबा घरी येऊन म्हणले म्हणं, "तीन ठिकाणी फुकट चहा प्यालो, आन् एका ठिकाणी आपला आपण उतरलो." मी इथं एकटा हसलो. खोलीत एक ओरिसाचा पोरगा राहतो, तो रात्रपाळीला असतो. त्याचा आणि माझा डोळा एका वक्ताला उघडा नसतो.

शोरूमवाल्यानं वारंटीचं सांगितलं ते तुला पटंना असं आई म्हणाली. तू म्हणलास, "सगळं देतो म्हणायलाय, म्हणजे काहीतरी दडवायलाय." बरोबर पकडलंस.

आपण बैल आणतो तसं समज. दात बघून, चालवून आणला. दावणीला बांधला आणि आठ दिवसांत आपोआप लंगडायला लागला, तर विकणाऱ्याला धरायचं. पण आपण त्याला दगडावर घातला आणि खूर फुटला, तर विकणाऱ्याचा काय गुन्हा? वारंटी म्हणजे पहिलं. कंपनीचाच माल खोटा निघाला तर ती बदलून देणार. ठोकली, चोरीला गेली, पाण्यात बुडाली, तो विम्याचा धंदा. ब्रेकचे गुटके, वायपरचं रबर, असलं जे वापरून झिजतं ते कुणीच देत नाही. टायर आणि बॅटरीची वारंटी वेगळी असती, त्यांचे कागद वेगळे मागून घे. उंदरानं वायर कुरतडली तर ती पण आपलीच. दारात कडबा रचतो तिथं गाडी उभी करू नको. आणि जिंतूरच्या नाक्यावर मोठा हॉर्न, लायटी बसवून देतात, तिकडं फिरकू नको. ते वायर कापून जोड देतात. पुढं वायरिंगचं काही झालं की कंपनी तो जोड दाखवून हात वर करती.

जास्तीच्या वर्षांची वारंटी घ्या म्हणतील. घे, पण त्यात काय काय येत नाही ते आधी लिहून माग. लिहून मागायला तुला शिकवायला नको.

सर्विसची मात्र घाई करू नको. पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात, तेवढे झाले की न्यायची. गाडी चाललीच नाही तर तेल कशानं खराब होतंय.

सात सीटांचं काय केलंस ते आईनं सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही.

सुगत


१४ ऑक्टोबर

दादा,

अभिनंदन.

विजयादशमीला गाडी दारात आली. आईनं समोर मेणबत्ती लावली, सगळ्यांनी वंदना घेतली, वहिनीनं खीर केली. यशूनं हॉर्न वाजवून वाजवून शेजारपाजारचे कुत्रे उठवले. आईनं सगळं सांगितलं. फोन तिनं गाडीच्या जवळ नेला आणि यशूला म्हणली, वाजव गं, काका ऐकायलाय. मी ऐकला. हॉर्न चांगला आहे.

यशू मला काका म्हणती का? का आईच म्हणायला लावती? ती जन्मली तेव्हा मी हैदराबादला होतो.

पाच सीटांची घेतलीस. बरोबर आहे, ज्या गाडीतून बाबा उतरले तीच घ्यायची होती, ती पाचाचीच होती. मी इथं रांगेत तसलीच एक गाडी बघितली, पांढरी. आत बसून मोजलं. तू चालवणार. शेजारी बाबा. मागं आई, वहिनी आणि मधात यशू. बरोबर बसतं घर. एक पण सीट वाया जात नाही.

तुझं लग्न झालं त्या आठवड्यात आपल्या दोन खोल्यांत वहिनीचं कपाट आलं होतं. मी माझी बाज आत घ्यायला लागलो तर तू म्हणलास, "आता जागा कुठंय?" तू बाजेचं म्हणलास का माझं म्हणलास, मी विचारलं नाही. सकाळी निघालो. तू मागून फोन केलास तो मी घेतला नाही आणि मग मी केले ते तू घेतले नाहीस. असं आहे ते.

हे कशाला लिहिलं माहीत नाही. खोडलं तर कागद घाण दिसंल म्हणून राहू देतो.

पहिल्या सर्विसला शोरूमचा माणूस घरी येऊन गाडी नेतो, फुकट असतं ते. नेऊ दे. बिल आलं तर जपून ठेव.

सुगत


१९ जानेवारी

दादा,

आज आईशी लय वेळ बोललो. गाडीचं विचारलं तर आधी टोलवाटोलवी करायली.

"चांगली हाय गाडी. हुबी हाय दारात."

"उभी का? दवाखान्याला नेता ना बाबाला?"

"नेतो की."

"गाडीनं?"

"काळी-पिवळीनं."

मग खोदून विचारल्यावर निघालं सगळं. तू पहिल्याच आठवड्यात आश्रुबाकाकाच्या कंपाउंडच्या खांबाला गाडी घासलीस. काका ओट्यावरून म्हणले, "धम्मानंदा, खांब सरकवून घेऊ का जरा?" चार लोक हसले. तवापासून चावी कपाटात.

आईवर चिडू नको. ती सांगत नव्हती, मीच काढून घेतलं.

हे ऐक आणि कुणाला सांगू नको. यार्डात लागल्यावर दुसऱ्या दिवशी मी एका कोऱ्या गाडीचा आरसा दुसऱ्या कोऱ्या गाडीच्या आरशावर मोडला. एकाच फटक्यात दोन. महिनाभर मला फडकं दिलं, गाड्या पुसायला. तमिळमधे काय काय बोलायचे, कळायचं नाही, पण हसणं सगळ्या मुलखात सारखंच कळतं. मला गाडीची भीती कधी वाटली नाही, बघणाऱ्यांची वाटायची. तू आपला सकाळी उजाडताना वहिनीला घेऊन शेताच्या रस्त्याला काढत जा. तिथं खांब नाहीत आणि काका पण नाहीत.

बाबांचं ऐकून मात्र बरं वाटलं. रोज चार वाजता आई त्यांना पुढच्या सीटवर नेऊन बसवती, दार उघडं, पाय बाहेर, आणि भीमगीतं लावून देती. येणारा जाणारा विचारतो, "कुठं निघाले लिंबाजीराव?" आणि बाबा म्हणतात, "मुंबईला. तुमाला सोडू का रस्त्यात?" लकव्यापासून बाबा दारात बसत नव्हते ना? आई म्हणली, लाज वाटायची त्यांना खुर्चीवर बसून लोकांकडं बघायची. गाडीत बसल्यावर वाटत नाही.

फक्त गाणी लावून लावून बॅटरी उतरली आणि आता गाडी चालूच होईना, म्हणून तू बॅटरीच्या वारंटीचे कागद काढून बसलास म्हणं. दादा, ते बदलून देणार नाहीत. बॅटरी खराब निघालेली नाही, आपण संपवलेली आहे. ते तपासतात तेव्हा त्यांना कळतं. आश्रुबाकाकाच्या ट्रॅक्टरवरून वायर लावून चालू करू नको, चुकून उलटी लागली तर नव्या गाडीचं सगळं जळंल. गॅरेजवाल्याकडून काढून चार्ज करून घे. आणि मग रोज थोडी चालव. गाडी चालली तरच बॅटरी भरती.

बाबांची गाणी बंद करू नको पण.

सुगत


२ मार्च

दादा,

मी तुला चुकीचं सांगितलं.

आज जेवायच्या सुट्टीत आमचा सुपरवायझर सेल्वम, त्याला मी तुझ्या गाडीचं सांगत होतो. रोज काहीतरी सांगत असतो त्याला, तो ऐकल्यासारखं करतो. मी म्हणलं, माझ्या भावाची गाडी घेतल्यापासून तीनशे किलोमीटर पण झाली नाही, तिला सर्विस लागणारच नाही. तो भात कालवता कालवता थांबला. म्हणला, "कौन बोला तुमको? किलोमीटर नई हुआ तो टाइम हुआ ना. कौन पहले आता, वो." मग त्यानं एका गाडीतलं पुस्तक आणून बोट ठेवून दाखवलं. सहा महिने किंवा एवढे किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी हलली नाही तरी दिवस हलतात. तेल उभ्या उभ्या जुनं होतं.

मी यार्डात राहून किलोमीटरचंच ध्यान ठेवलं. माझ्या गाड्यांना महिने लागू होत नाहीत, त्या कुणाच्या झालेल्याच नसतात. म्हणून चुकलो.

आता तू विजयादशमीपासून मोज. एप्रिलच्या पहिल्या तारखांना सहा महिने भरतात. त्याच्या आत परभणीला नेऊन पुस्तकात शिक्का मारून घेतला पाहिजे. नाही नेली तर पुढं इंजिनाचं काही निघालं की म्हणतील, तुमी सर्विसच केली नाही, आता कशाची वारंटी. सगळीच जाती का काही राहती ते शोरूमला विचार, मला पक्कं माहीत नाही. मागच्यासारखं पक्कं बोलायला आता जीभ रेटत नाही.

शोरूमचा माणूस घरी येतो ते फक्त पहिल्या सर्विसला. आता न्यायला कुणी नसलं तर आश्रुबाकाकाचा पुतण्या पिकअप चालवतो, तो नेईल.

नाहीतर मला रजा आहे. होळीला पण घेतली नाही मी, कुठं जायचं म्हणून. मी गावाला, बोरीला येऊन गाडी नेऊ शकतो. बाबांना पुढं बसवीन, दवाखाना पण होईल, आणि तुला वाटलं तर गाव मागं पडून मोकळा रस्ता लागला की तू चालव, मी शेजारी बसतो. मी शेजारी कधी बसलो नाही. संध्याकाळच्या गाडीनं लगेच परत निघीन, बाजेचा प्रश्न येणार नाही.

पण तू म्हणलास तर. आईनं म्हणलेलं नको. आई मला रोजच ये म्हणती.

सुगत


२८ मार्च

दादा,

रजेचा अर्ज देऊन ठेवला आहे. तारीख टाकली नाही, कोरी ठेवली.

आईला विचारलं, दादा काही म्हणला का. ती म्हणली, "काई बोलत न्हाई. हापिसातून आला की पोस्टमन आलता का इचारतो निसतं." मी म्हणलं, माझा कागद तर मागंच पोचलाय, मग कशाची वाट बघतो? तिला माहीत नाही.

सर्विसच्या तारखेला सात दिवस पण राहिले नाहीत.

सुगत


११ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आज मिळालं.

तू ते सहीचं स्पीड पोस्ट केलंस. पोस्टमन आला तेव्हा मी यार्डात, ओरिसावाला झोपलेला. त्यानं दाराच्या फटीत चिठ्ठी सरकवली, सगळी तमिळमधे. मला वाटलं लाईटबिलाचं काहीतरी असंल, घरमालकिणीला द्यायला म्हणून खिळ्याला अडकवली. ती म्हातारी लेकीकडं गेली होती. आज आली, तिनं वाचली आणि हातवारे करून मला पोस्टात पिटाळलं. काउंटरवरचा माणूस म्हणला, आज आला नसतास तर उद्या परत पाठवणार होतो.

पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं. "विषय : वाहनाच्या सहामाही सर्व्हिसिंगबाबत. संदर्भ : आपले दिनांक २ मार्चचे पत्र. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, वाहन परभणी येथे नेण्याकरिता सध्या सक्षम चालक उपलब्ध नाही. तरी आपण दिनांक २ एप्रिलपूर्वी समक्ष उपस्थित राहून सदर काम पूर्ण करावे." खाली सही. सहीच्या खाली पूर्ण नाव, कंसात हुद्दा. दादा, मला आपण म्हणायलास तू! शिक्का तेवढा मारायचा राहिला.

मी ते पत्र तिथंच चार वेळा वाचलं. पायरीवर एक बाई भाजी निवडत होती, ती माझ्याकडं बघायली.

मग आईला फोन लावला. तिला काही सांगितलं नाही, इतके दिवस टाळलं तेवढंच विचारलं, गाडीचं काय झालं. म्हणली, झाली सर्विसिंग. आश्रुबाकाकाचा पुतण्या घेऊन गेला. "आठ दिवस तो रोज येऊन चावी मागायचा. तुझा दादा म्हणायचा, थांब, उद्या बघू. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत दिली न्हाई. बस स्टँडाकडं जाऊन हुबा राहिला. परत आला आन् पुतण्याच्या हातात चावी टेकवली. जेवला बी न्हाई त्या रात्री. काय झालं रे बाबा तुमा दोघाला?"

मी म्हणलं, काही नाही, नेटवर्क जायलं. आणि ठेवला.

आता सगळं नीट आहे, दादा. पुस्तकात शिक्का पडला, वारंटी टिकली, बॅटरी भरली. वहिनी सकाळी तुला शेताच्या रस्त्याला नेती, परवा तू बोरीच्या बाजारापर्यंत गेलास, हे पण आईनं सांगितलं. पुढची सर्विस येईस्तोवर तू परभणीला आपला आपण जाशील. म्हणजे मला तिकडं बोलवायला आता एकसुद्धा काम उरलेलं नाही. आजपर्यंत मी काही ना काही काम काढूनच लिहिलं तुला. सीट म्हण, सर्विस म्हण. आज शोधलं, सापडलं नाही.

रजेचा अर्ज अजून सेल्वमच्या टेबलावर आहे. आज तो म्हणला, "तारीख डालो, नहीं तो फेंक देगा." मी म्हणलं, भावाला विचारून सांगतो.

म्हणून विचारतो. काही काम नसताना, नुसताच आलो तर चालंल का?

फोन करायचा नसला तर पत्रच लिही. पण या वेळी साधं लिही. सही नको, दारात टाकून जाऊ दे.

सुगत